राष्ट्रपतींकडे गेलेल्या पोटऱ्या

कापडाच्या त्या तीन मजली दुकानात खुर्च्या सत्तावीस होत्या आणि सगळ्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांसाठी होत्या. विकणाऱ्या बायका एकतीस. त्यांना बूड टेकायला एक फळकूटसुद्धा नव्हतं. सकाळी साडेनऊला शटर वर गेलं की संध्याकाळी आठला खाली येईपर्यंत उभंच राहायचं. मधली अर्ध्या तासाची सुट्टी डबा खाण्यात जायची, आणि तो डबाही जिन्याच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला गुडघे बाजूला घेऊन वाट देत. मालकांचं म्हणणं असं, की बसलेली बाई लांबून पेंगल्यासारखी दिसते आणि पेंगणाऱ्या दुकानात कुणी शिरत नाही. मालक हे दारापाशी गादीच्या खुर्चीत बसून सांगत.

दुसऱ्या मजल्यावर पडद्यांच्या कापडाच्या टेबलामागे बावीस वर्षं उभी असलेली बाई म्हणजे कात्री. तिचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथंच राहिलं. तागा उलगडला की डोळे मिटूनसुद्धा तिची रेघ चुकायची नाही, आणि जीभ हातापेक्षा जास्त चालायची. पण गेल्या दोन वर्षांत तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी उठल्या होत्या. डॉक्टरांनी शेवटच्या वेळी चष्मा काढून सांगितलं होतं, "बाई, आता बसायला शिका. नाहीतर वर्ष-दोन वर्षांत हे पायच तुम्हाला कायमचं बसवतील."

चौदा महिन्यांपूर्वी राज्याच्या विधानसभेनं एक विधेयक मंजूर केलं होतं. दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकाला मालकानं बसायला जागा दिलीच पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी बायकांनी लाकडी मीटरपट्ट्या टेबलांवर आपटून तिन्ही मजले दणाणून सोडले होते. आठवडाभरानं कळलं, की राज्यपालांनी त्यावर सही केलेलीच नाही. दुकानांबद्दलचा एक कायदा केंद्राचा आधीच आहे, त्याच्याशी हे जुळत नाही, म्हणून त्यांनी ते राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवलं.

"म्हणजे झालं काय?" घरी सासूबाईंनी विचारलं होतं. नवरा गेल्यापासून घरात ह्या दोघीच, आणि बातम्यांचा काथ्याकूट करायला दोघींनाही आवडायचं.

"समजा, थोरल्या जाऊबाईंनी घरासाठी एक नियम केलाय. धाकटीला आपल्या खोलीपुरता वेगळा करायचाय. तर सासूची मान हलल्याशिवाय धाकटीचा नियम चालत नाही."

"आणि सासूनं मान हलवलीच नाही तर?"

"तर धाकटी उभी."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "सासू फार मजेत असणार," त्या म्हणाल्या.

मालकांनी दुसऱ्याच दिवशी जिन्यापाशी काचेच्या चौकटीत पाटी लावली: 'बसण्याबाबतच्या विधेयकास राष्ट्रपतींची अनुमती मिळेपर्यंत कर्मचाऱ्यांनी बसू नये.' ती रोज पुसली जायची. कुणी पाय दुखतात म्हटलं, की मालक अगदी गोड आवाजात म्हणायचे, "माझं काय आहे हो? मी आत्ता खुर्ची देतो. पण राष्ट्रपतींच्या पुढे जाणारा मी कोण?" चौदा महिने हे ऐकून बायकांना ते पाठ झालं होतं. शिलाईच्या सामानाजवळची उंच, काटकुळी सुतळी तर त्यांच्या आवाजात, मान तिरकी करून म्हणून दाखवायची.

एका सोमवारी, दुकान बंद असताना, कात्री श्रम कार्यालयात गेली. तिथे विधेयकांचा पत्रव्यवहार बघणारे एक गृहस्थ होते. कोटाच्या कॉलरला टाचण्यांची ओळ, आणि कागद दिसला की टाचायची सवय. सगळं कार्यालय त्यांना टाचणीसाहेब म्हणायचं.

"साहेब, आमचा कायदा कुठवर आलाय?"

"कुठला? अनुमतीच्या रांगेत माझे चार आहेत."

"बसण्याचा."

"अच्छा, त्या उभ्या बायका तुम्ही. बसा की."

कात्री बसली. बसताना तिच्या तोंडून जो निःश्वास निघाला तो ऐकून साहेबांनी वर पाहिलं. मग फाईल ओढून त्यांनी सांगायला सुरुवात केली. राष्ट्रपती हो म्हणू शकतात, नाही म्हणू शकतात, विधानसभेकडे परत पाठवू शकतात. आणि काहीही न म्हणता ठेवूनही देऊ शकतात.

"किती दिवस?"

"घटनेत दिवस लिहिलेले नाहीत."

"आमच्या मालकांना विचारून लिहिलीय वाटतं."

साहेबांनी हसू दाबलं. "राष्ट्रपतींना सल्ला देतं ते केंद्राचं मंत्रालय. त्यांनी आम्हाला एक प्रश्न विचारलाय." आणि त्यांनी वाचलं: केंद्राच्या कायद्यात अर्ध्या तासाची विश्रांती आहेच, तरीही उरलेला वेळ उभे राहिल्याने कर्मचाऱ्यांस अपाय होतो याचा पुरावा काय? वीस तारखेपर्यंत कळवावे, अन्यथा राज्याला काही म्हणायचे नाही असे धरण्यात येईल.

"आणि तुम्ही काय कळवणार?"

"'बाब तपासाधीन आहे.'"

"तपासतंय कोण?"

साहेब टाचण्यांच्या डबीकडे बघत राहिले. "कुणी नाही," ते म्हणाले. "माणसं नाहीत."

कात्रीनं पाय उचलून टेबलावर ठेवायचा तेवढा बाकी ठेवला. "हा बघा पुरावा. सकाळी बुटात जातो, संध्याकाळी ओढून काढावा लागतो."

"मला दाखवून काय उपयोग? कागदावर टाचता येईल असं आणा. सकाळचं माप, संध्याकाळचं माप, खाली सही."

मापं! बावीस वर्षं दुसरं केलं काय होतं तिनं? ती तिथून निघाली ती जवळजवळ धावतच, पोटऱ्यांना न विचारता.

आकडे कुणीही लिहील, असं दुकानातल्या सगळ्या बायकांचं मत पडलं; आकड्यांवर मालकसुद्धा विश्वास ठेवत नाहीत. त्यापेक्षा मापच पाठवायचं. सुतळीकडे अस्तराच्या कापडाच्या उरेब पट्ट्या होत्या, तिरक्या कापलेल्या, गळ्याला आणि काठाला लावतात त्या. गोल भागावर त्या कशा छान बसतात! प्रत्येकीनं दोन न्यायच्या. एक सकाळी उठल्याउठल्या घरी पोटरीभोवती गुंडाळायची, जिथे टोकं जुळतील तिथे कापायची. दुसरी संध्याकाळी दुकानात, शटर पडल्यावर. दोन्ही पट्ट्या एका कागदावर शेजारीशेजारी. लांबीतला फरक आंधळ्यालाही दिसेल.

कात्रीचं सकाळचं माप सासूबाईंनी घेतलं, तिला पलंगावर आडवी पाडून आणि जिभेचं टोक बाहेर काढून.

"आवळू नका हो."

"आवळते कुठे? अलगद ठेवलीय. तुझ्या शिरांना हात लावायची मलाच भीती वाटते."

संध्याकाळची मापं मात्र सगळ्यांची कात्रीनंच घेतली. एकेक बाई पडद्यांच्या टेबलावर पाय ठेवायची, कात्री पट्टी फिरवायची, कचकन कापायची. "पुढची!" एकतीस बायका पंधरा मिनिटांत झाल्या. तिच्या हाताचा वेग बघून सुतळी म्हणाली, "राष्ट्रपतींना म्हणावं ह्या बाईला सही करायला ठेवा."

पंधरा तारखेला, कामातून दोन तासांची रजा घेऊन, कात्रीनं एकतीस कागदांचा गठ्ठा कार्यालयात ठेवला. खाली आवकेच्या टेबलावर त्याच्यावर शिक्का पडला, मग तो वर साहेबांकडे आला. साहेबांनी पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा उलटा करून पाहिला.

"बाई, सकाळची पट्टी कुठली?"

"डावीकडची."

"मग तुमच्या पोटऱ्या संध्याकाळी बारीक होतात."

"काहीतरीच काय!"

पण खरंच तसं होतं. एकतीसपैकी एकोणतीस बायकांची संध्याकाळची पट्टी आखूड होती. कुणाची बोटभर, कुणाची दोन बोटं.

"हे असंच गेलं," साहेब म्हणाले, "तर केंद्र कळवेल की उभं राहणं पायांना मानवतं. मग माझीही खुर्ची जाईल."

कात्रीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तिनं एक कागद ओढला, टाचणी काढली, पट्टी हातात घेतली. काय घडलंय ते डोक्याला कळायच्या आत हातांना कळलं, कारण हातांनी ती पट्टी दोन्ही टोकांना धरून सवयीनं ताणली होती. ताणल्यावर ती सकाळच्या पट्टीपेक्षा चांगली दोन बोटं लांब भरली. सोडल्यावर आक्रसली.

तिला दुकानातला पहिला दिवस आठवला. मालकांनी तागा उलगडून स्वतः शिकवलं होतं. कापड मीटरपट्टीवर ठेवायचं, अंगठ्यानं दाबायचं, दुसऱ्या हातानं ताण द्यायचा आणि ताणलेल्यावर कात्री चालवायची. मीटरमागे दोन बोटं दुकानाची. गिऱ्हाइकाशी गोड बोलत राहायचं, म्हणजे त्याचं लक्ष आपल्या तोंडाकडे राहतं. बावीस वर्षं ती गोड बोलत आली होती.

घरच्यांनी अलगद मोजलं. तिनं दुकानाच्या हातानं मोजलं.

"साहेब, हे परत द्या. मी नवीन आणते."

"शिक्का पडलाय. शिक्का पडलेला कागद परत जात नाही." साहेबांचा आवाज खाली आला. "नवीन आणा. पण दोन्ही गठ्ठे एकत्र जातील, आणि केंद्र विचारणार, पाच दिवसांत पोटऱ्या कशा बदलल्या? कारण लिहून द्यावं लागेल, सहीनिशी. आणि एक सांगून ठेवतो, ह्यातला प्रत्येक कागद तुमच्या मालकांना मागता येतो. त्यांचंही म्हणणं केंद्र ऐकणारच आहे."

म्हणजे कारण खरं लिहायचं, तर मालकांची चोरी लिहायची. आणि मालकांच्या चोरीवर हात कुणाचे होते, तेही.

त्या संध्याकाळी तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई ऐकता ऐकता उठल्या आणि आपल्या खोलीच्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पडद्याखालून उजेडाची एक पट्टी कायम आत यायची.

"हा पडदा तूच आणलास ना?"

कात्रीनं त्या उजेडाच्या पट्टीकडे पाहिलं.

"बारा वर्षं म्हणतेय मी, भिंत खचली म्हणून खिडकी मोठी झाली."

"चुकून झालं हो. हात तसाच चालतो."

"अगं, घरच्या माणसालासुद्धा?" सासूबाईंनी पडदा खाली ओढून पाहिला. पडदा काही वाढला नाही. मग त्या येऊन तिच्याजवळ बसल्या आणि तिचे पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले. ते काही त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. "लिही," त्या म्हणाल्या. "माझा पडदाही लिही."

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत कात्रीनं जिन्यात बायकांना गोळा केलं. पहिल्यांदा सगळ्या हसल्या, मग हसू आटलं. ताणायला तर प्रत्येकीला शिकवलं होतं.

"आपलीही नावं जातील," सुतळी म्हणाली. "गिऱ्हाइकं तोंडावर थुंकतील."

"नाव माझं एकटीचं जाईल. तुम्ही फक्त पाय द्या."

"आणि काढलं तुला तर?"

"काढलं तर घरी जाऊन बसेन. बसायचंच तर भांडण आहे!"

ह्यावर कुणी हसलं नाही. कामावरून काढलेल्या बाईला त्या रस्त्यावरच्या दुसऱ्या कुठल्या दुकानात उभंसुद्धा करत नसत, हे सगळ्यांना माहीत होतं. पण सुतळीनं डबा बंद केला आणि खाली जाऊन गठ्ठे बांधायच्या तपकिरी कागदाचा गुंडाळा उचलून आणला. त्याच्या पट्ट्या कापल्या. तो कागद ताणत नाही. ताणलाच तर फाटतो.

सतरा तारखेला सकाळी शटर वर जायच्या आधी एकतीस पाय आणि संध्याकाळी तेच एकतीस पाय. ह्या वेळी दोन्ही मापं कात्रीनं घेतली, इतक्या हळू की सुतळी म्हणाली, "अगं, पोटरी आहे, फुलपाखरू नाही." संध्याकाळच्या पट्ट्या सगळ्यांच्या लांब भरल्या. कात्रीची सगळ्यांत जास्त, तीन बोटं. ती पट्टी टेबलावर ठेवून बायका थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. दुखतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण केवढं दुखतं ते असं समोर पसरलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मालक वर आले.

"हा काय तमाशा?"

"मापं घेतोय. राष्ट्रपतींना हवी आहेत."

मालक हसले, पण टेबलावरचा अर्धवट लिहिलेला कागद त्यांनी उचलला आणि वाचता वाचता हसू ओठांवरच वाळलं. 'आमच्या दुकानात कापड ताणून मोजण्याची पद्धत आहे,' असं त्यात सुरुवातीलाच होतं.

त्यांनी बाकीच्या बायकांना खाली पाठवलं. सुतळी जिन्याच्या वळणावर थांबली, ते त्यांना दिसलं नाही.

"हे बघ," मालक म्हणाले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज गोड नव्हता, साधा होता. "तुझे पाय खरंच खराब आहेत, मला दिसतं. तुला एक स्टूल देतो. उद्यापासून. टेबलामागे, गिऱ्हाइकांना दिसणार नाही असं. तू आयुष्यभर बसून काम कर. हा कागद फक्त माझ्याकडे राहू दे."

कात्रीला त्या क्षणी ते स्टूल डोळ्यांपुढे दिसलं, चार पायांचं, गोल. तिच्या पोटऱ्यांनी तर हो म्हणूनही टाकलं होतं.

"आणि राष्ट्रपती?" तिनं विचारलं.

"त्यांचं काय?"

"चौदा महिने तुम्ही त्यांच्यापुढे जाऊ शकत नव्हतात. आज एका कागदासाठी गेलात?"

मालकांचा चेहरा लाल झाला. "ह्यात तुझंही नाव आहे, विसरू नकोस. तूही चोर ठरशील."

"ठरेन. बावीस वर्षं तुमच्यासाठी ताणलं, त्याचं नाव काय ठेवायचं ते राष्ट्रपतींना ठेवू दे." तिनं हात पुढे केला. "कागद द्या. नाहीतर मी दुसरा लिहीन, आणि त्यात हे स्टूलही येईल."

त्यांनी कागद टेबलावर टाकला आणि निघून गेले. जिन्याच्या वळणावरून सुतळी त्यांच्याच आवाजात, मान तिरकी करून म्हणाली, "माझं काय आहे हो? मी आत्ता खुर्ची देतो." ते त्यांनी ऐकलं. ऐकू जावं म्हणूनच ती म्हणाली होती.

अठरा तारखेला टाचणीसाहेबांनी निवेदन दोनदा वाचलं. पडद्याच्या ओळीपाशी थांबले. "'माझ्या सासूबाईंच्या खिडकीचा पडदाही मी असाच कापला.' ही ओळ काढू का? केंद्राला तिचा काही उपयोग नाही."

"राहू द्या. त्यांनी मुद्दाम सांगितलंय."

साहेबांनी मान डोलावली. मग दोन्ही गठ्ठे एकत्र लावले, वर राज्याचं पत्र ठेवलं, आणि त्या पत्राच्या तळाशी स्वतःच्या हातानं एक वाक्य वाढवलं. ते त्यांनी कात्रीला मोठ्यानं वाचून दाखवलं: "'निवेदन देणारी कर्मचारी आज रोजी सदर दुकानात कामावर असून, केंद्राच्या पुढील चौकशीसाठी त्याच ठिकाणी उपलब्ध राहील.'"

"ह्यानं काय होतं?"

"तुम्हाला काढलं, तर का काढलं ते मालकांना राष्ट्रपती भवनाला कळवावं लागेल." त्यांनी कॉलरची टाचणी काढून गठ्ठ्याला लावली. "ह्याची एक प्रत आजच दुकानावर पाठवतोय. मालकांना वाट बघायला लावणं बरं नाही."

"आणि सही कधी येईल?"

"ते मात्र लिहिलेलं नाही हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी कात्री कामावर आली तेव्हा मालक गादीच्या खुर्चीत होते आणि ती प्रत त्यांच्या मांडीवर होती. कात्री वर गेली. वरच्या फळ्यांवरचे तागे काढायला पाय ठेवायचा एक लाकडी खोका होता, तो तिनं पायानं ढकलत टेबलापाशी आणला, फडक्यानं पुसला आणि त्यावर बसली. टेबल हनुवटीपर्यंत आलं, तरी बसली.

मालक पाच मिनिटांत वर आले. "पाटी वाचलीस का खाली?"

"रोज वाचते."

"आली का अनुमती?"

"नाही आली."

"मग?"

"अनुमती लागते ती तुम्हाला खुर्ची द्यायला भाग पाडायला. मी बसू नये असं कुठल्या कायद्यात आहे? केंद्राच्या आहे? राज्याच्या? मी दोन्ही वाचून आले काल. फक्त तुमच्या पाटीत आहे."

जिन्यातून एक म्हातारं जोडपं वर आलं, खिडक्यांचं माप लिहिलेली चिठ्ठी घेऊन. मालकांनी तोंड उघडलं आणि गिऱ्हाईक बघून मिटलं. कात्रीनं त्या दोघांना खुर्च्या दाखवल्या, तागा मागितला. सुतळीनं तो आणून उलगडून दिला, आणि मग, मालकांच्या डोळ्यांदेखत, शेजारी उभ्या ठेवलेल्या जाड अस्तराच्या ताग्याला आडवा पाडून त्यावर टेकली.

कात्रीनं कापड टेबलावर सोडलं. अंगठा लावला नाही. सुरकुत्या आपोआप पडतील तशा पडू दिल्या, तळहातानं नुसत्या फिरवून सरळ केल्या. हात सवयीनं टोकाकडे गेला, तिनं तो मागे घेतला. मग मीटरपट्टी लावली, आणि मोजताना मालकांकडे बघत, वरच्या मजल्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात एकेक मीटर म्हणत गेली.

"सैल मोजताय तुम्ही," म्हातारीबाई कौतुकानं म्हणाली.

"हो," कात्री म्हणाली. "आजपासून."

खालच्या मजल्यावर कुठेतरी खोका सरकवल्याचा आवाज आला. मग आणखी एक.